बालेवाडीतील प्रो कबड्डी: तिकिटाच्या पैशांत पदरात काय पडते

प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या हंगामाचा अखेरचा टप्पा डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाला. त्यातील साखळी फेरीची एक संध्याकाळ आणि २९ डिसेंबरचा अंतिम सामना मी तिकीट काढून पाहिला.

सभागृहात बसून पाहण्याचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे जवळीक. १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद मॅटवर एका बाजूचे सात गडी आणि समोरून येणारा एकटा चढाईपटू इतके जवळून दिसतात की, कोपऱ्यावर उभा असलेला बचावपटू पायाचा वेध घेण्यासाठी कधी दबा धरतो आणि शेजारचा गडी त्याला साथ देण्यासाठी कधी अर्धे पाऊल सरकतो, हे मागच्या रांगेतूनही टिपता येते. घरच्या पडद्यावर कॅमेरा चढाईपटूच्या मागे धावतो आणि बचावाची ही साखळी नजरेतून निसटते. म्हणूनच मॅटला लागून असलेल्या महाग आसनांपेक्षा आडव्या बाजूची, थोडी उंचावरची आसने मला अधिक मोलाची वाटली. त्या हंगामाच्या साखळी फेरीत एकाच तिकिटावर रात्री आठ आणि नऊ वाजताचे दोन सामने पाहायला मिळत होते, हेही ध्यानात घ्यावे.

प्रेक्षक कशासाठी पैसे मोजतो, याचे उत्तर त्या संध्याकाळी गर्दीच्या वागण्यातूनच मिळाले. पहिल्या सामन्यात गुणांचा फरक दोन-तीनवर होता, तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांत कोणी जागचे हलले नाही. दुसऱ्या सामन्यात एका संघावर दुसऱ्यांदा लोण चढला, म्हणजे त्याचे सगळे गडी बाद झाले, आणि मुलाबाळांना घेऊन आलेली कुटुंबे वाहनतळाची वाट धरू लागली, जरी त्या सामन्यात नामवंत चढाईपटू खेळत होता. नावामुळे लोक येत असतील, पण त्यांना खुर्चीत धरून ठेवते ती निकालाची अनिश्चितता.

ही अनिश्चितता टिकावी म्हणून लीगने खेळाडूंवरील खर्चाला प्रत्येक संघासाठी ५ कोटी रुपयांची मर्यादा घातली आहे, आणि माझ्या मते हा तिचा सर्वांत शहाणा निर्णय आहे. नामवंतांच्या किमती मात्र वाढत गेल्या. २०१४ मध्ये, पहिल्या हंगामात, सर्वांत महागडा ठरलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना विकला गेला होता. दहाव्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने चढाईपटू पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये, म्हणजे ५ कोटींच्या मर्यादेतील अर्ध्याहून अधिक रक्कम, खर्च केली आणि संघ शेवटच्या, बाराव्या स्थानावर राहिला. कबड्डीत चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला की त्याचे सारे मोल त्याच्यासोबत बाहेर बसते. त्याला परत आणण्यासाठी सहकाऱ्यांना गुण मिळवावे लागतात.

उणीव मला वाटते ती स्पर्धेच्या आखणीत. उत्पन्नाचा मोठा भाग प्रक्षेपण आणि प्रायोजकांकडून येत असल्याने १२ संघांचा हा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीनच शहरांत उरकला गेला. यू मुम्बा या मुंबईच्या संघाच्या चाहत्यांना आपला संघ पाहण्यासाठी घाट चढून यावे लागले. खर्च वाचतो हे मान्य आहे, पण वर्षानुवर्षे घरचे सामनेच झाले नाहीत, तर शहर आणि संघ यांचे नाते कसे रुजणार? सोयींविषयी थोडक्यात सांगायचे तर, ध्वनिक्षेपकावरचे संगीत चढाई चालू असतानाही कानठळ्या बसवत होते आणि ज्या स्टॉलवरून मी वडापाव घेतला, तो गार होता.

अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून पहिले विजेतेपद पटकावले. पुण्याचा संघ पुणेरी पलटण बाद फेरीतच नव्हता, तरी सभागृहात आपलेपणाचा एक धागा होता. मोहम्मदरझा शादलुई हा इराणी बचावपटू मार्च २०२४ मध्ये हरियाणालाच २८-२५ असे नमवून पलटणला विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघात होता. पुढे पलटणने त्याला सोडले आणि हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतले. त्याने पकड केली की माझ्या रांगेतली पलटणची जर्सी घातलेली मुले उभी राहून टाळ्या वाजवत होती.