सीएस५० एआय: कोर्स सात आठवड्यांचा, मला लागले साडेपाच महिने

हार्वर्डचा सीएस५० एआय, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतून एआय शिकवणारा ऑनलाइन कोर्स, गेल्या महिन्यात संपवला एकदाचा. कोर्स फुकट, त्यांचं सर्टिफिकेटही फुकट, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटचं व्हेरिफाइड हवं असेल तरच पैसे. मी अकाउंट्सवाला माणूस, दिवसभर जीएसटी आणि रात्री जेवणं आवरल्यावर हे, त्यामुळे वेळ लागला.

आधीच सांगतो, चॅटजीपीटीला काय विचारायचं ते शिकायला येणार असाल तर इकडे फिरकू नका. सुरुवात होते भुलभुलैयातून वाट काढण्यापासून, मग फुली-गोळा. मला वाटलं हे कसलं एआय, ही तर शाळेतली कोडी.

मग आला माइनस्वीपर, लपलेले सुरुंग टाळत घरं उघडायचा तो कॉम्प्युटरवरचा खेळ, आणि सगळी हवा गेली. ८ बाय ८ चा बोर्ड, ८ सुरुंग. 'या पाच घरांत मिळून दोन सुरुंग' अशी वाक्यं साठवायची, त्यातल्याच तीन घरांत एक आहे असं दुसरीकडून कळलं की वजाबाकी, म्हणजे उरलेल्या दोनात एक. म्हटलं हे तर बँक रिको (बँकेचा हिशेब आपल्या वहीशी जुळवणं), रोज करतो आपण! पण माझा प्रोग्राम 'इथे सेफ आहे' म्हणायचा आणि थेट सुरुंगावर पाय द्यायचा. नऊ रात्री गेल्या. एरर नाही, काही नाही. शेवटी सापडलं काय, तर आधी माहीत असलेला सुरुंग मी घरांच्या यादीतून काढत होतो पण आकड्यातून एक कमी करत नव्हतो. म्हणजे डेबिट टाकलं, क्रेडिट विसरलो. वीस वर्षं हेच काम करतोय मी, बोला.

प्रॉबॅबिलिटीचा आठवडा जड गेला, तिथे दोनदा लेक्चर बघा. ट्रॅफिकच्या प्रोजेक्टमध्ये जर्मनीतल्या रस्त्यांवरच्या ४३ प्रकारच्या पाट्या ओळखायच्या असतात, त्यात 'पुढे खडबडीत रस्ता' अशीही एक आहे (आपल्याकडे ती कुठे कुठे लावणार). शेवटी बर्ट नावाचं भाषेचं एआय मॉडेल येतं, त्यात १२ लेअर (थर), प्रत्येकात शब्दांमधले संबंध बघणारे १२ हेड, अशी १४४ चित्रं बघून कुठला शब्द कुठल्या शब्दाकडे बघतोय ते शोधायचं. मला त्यातली दोन-तीनच कळली, खोटं कशाला बोलू.

पायथन अजिबात येत नसेल तर आधी ते शिका, इथे कोणी हात धरून शिकवत नाही. मी एक्सेलची कामं उरकायला शिकलो होतो, तेवढं पुरलं.

सगळ्यात मजा निम या काड्या उचलायच्या खेळाच्या प्रोजेक्टला. १, ३, ५, ७ असे ढीग, शेवटची काडी उचलेल तो हरला. डावपेच काही सांगायचे नाहीत, प्रोग्राम स्वतःशीच १०,००० डाव खेळून शिकतो. सहावीतली मुलगी शेजारी बसून खेळायची, आधी सारखी हरायची. आता काडेपेटी घेऊन माझ्याशी खेळते, ढीग मांडते आणि म्हणते, "बाबा, पहिली चाल तू कर."