लहान मुलांना घेऊन पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जा

आम्ही माशेलला राहतो. थोरली दुसरीत आहे, धाकटा अजून बालवाडीत. शनिवारी सकाळी दोघांना घेऊन मी पणजीची बस धरते. कदंबच्या स्टँडवर उतरून पाटोपर्यंत चालायचं. अंतर थोडंच आहे, पण ऊन चढल्यावर धाकट्याला कडेवर घ्यावं लागतं, म्हणून सकाळीच निघते. आम्ही जातो ते कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात. गावात सगळे त्याला ‘सेंट्रल लायब्ररी’च म्हणतात.

पुष्कळ आईवडिलांची समजूत अशी दिसते की हे ग्रंथालय म्हणजे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांची आणि पेपर वाचायला येणाऱ्या निवृत्त लोकांची जागा. ते दोघेही तिथे असतातच. पण मुलांसाठी वेगळं दालन आहे, आणि तिथे बसून वाचायला एक पैसा लागत नाही. पुस्तकं घरी न्यायची असतील तर मात्र सभासद व्हावं लागतं.

मला तिथलं सगळ्यात काय आवडतं सांगू? पुस्तक मूल निवडतं. दुकानात तसं होत नाही. दुकानात मी आधी किंमत बघते, मग पानं मोजते, मग म्हणते, ‘हे नको, ते घे, त्यात शिकण्यासारखं आहे.’ चित्रांचं सोळा पानी पुस्तक धाकटा दहा मिनिटांत संपवतो आणि त्याला ते आवडलं की नाही हे विकत घेतल्यावरच कळतं. ग्रंथालयात त्याने नको ते उचललं तरी कुणाचं काही जात नाही. एकदा त्याने ट्रकच्या इंजिनाचं मोठ्यांसाठी लिहिलेलं जाड पुस्तक ओढून काढलं आणि जमिनीवर बसून नुसती चित्रं बघत राहिला. मध्येच वर बघून मला म्हणाला, “आई, हें घरा व्हरूंया?” खेळगड्यांची कोंकणी त्याच्या तोंडी अशी सहज येते. नेलं आम्ही ते. आठवडाभर रोज रात्री त्यातल्या एकेका पानावर गप्पा झाल्या, मजकुराची एक ओळ न वाचता. माझ्या मते तेही वाचनच आहे. कुठलं पान उलटायचं, कुठे थांबायचं, हे त्याचं तो ठरवत होता.

थोरलीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो गोव्यातल्या कितीतरी मराठी घरांचा आहे. शाळा इंग्रजी, अंगणात कोंकणी, घरात मराठी. ऐकायला आणि बोलायला तिन्ही येतात, पण वाचायची वेळ आली की हात इंग्रजी पुस्तकाकडेच जातो, कारण सराव त्याचा. मराठी वाच म्हणून मागे लागले की ती रडवेली होते. ग्रंथालयात मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी अशी सगळी पुस्तकं आहेत. मी एवढंच सांगितलं की तुझ्या आवडीची इंग्रजी हवी तेवढी घे, त्यांच्यासोबत एक मराठी घ्यायचं, आणि ते मी वाचून दाखवणार. सुरुवातीला नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली नेली. चित्रं मोठी, वाक्यं छोटी. आता मी मध्येच चुलीकडे गेले की पुढची ओळ ती स्वतः अडखळत वाचते आणि मला हाक मारून अर्थ विचारते. शिकवणी लावूनही हे झालं नसतं.

दारावरचं नाव वाचून तिने विचारलंही, हा कृष्णदास शामा कोण? सोळाव्या शतकातला, सासष्टीतल्या केळशीचा माणूस. त्याने कृष्णाची कथा मराठी ओव्यांत लिहिली. म्हणजे आपल्या इथलाच, आणि मराठीत लिहिणारा! हे तिला फारच आवडलं. ग्रंथालयही तसं जुनं आहे. पोर्तुगीज राजवटीत १८३२ साली ते सुरू झालं. पाटोची इमारत अलीकडची, त्याआधी ते आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या वास्तूत होतं, हे पणजीतल्या जुन्या वाचकांना आठवत असेल.

पावसाळ्यात तर या जागेला तोड नाही. जून ते सप्टेंबर मुलं घरात कोंडलेली, अंगणात शेवाळ, हातात मोबाईल. आत कोरडं, शांत, प्रकाश भरपूर. शांततेचं पुष्कळांना भय वाटतं, मूल ओरडलं तर? पहिल्या खेपेला धाकटा ओरडलाच. मुलांच्या दालनात कुणी डोळे वटारले नाहीत. आता आत शिरताना तो आपणहून आवाज खाली आणतो, कारण बाकीची मुलं तसं करताना त्याने पाहिलंय.

सगळीकडे असाच अनुभव येईल असं नाही. एका ग्रंथालयात, नाव घेत नाही, मुलांची सुंदर पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूपबंद होती आणि चावी ज्यांच्याकडे ते रजेवर. मुलांनी काचेला नाक लावून चित्रं बघितली आणि आम्ही परत आलो. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. फाटतील म्हणून मुलांपासून जपलेली पुस्तकं मग कोणासाठी आणली? तुमच्या गावातल्या वाचनालयात असं असेल तर विनंती करा, पुन्हा पुन्हा करा. चार पालक नियमित येऊ लागले की कपाट उघडं ठेवावंच लागतं. पेडणे, काणकोणकडच्या लोकांना दर आठवड्याला पणजी कशी परवडणार? त्यांनी जवळच्याच वाचनालयाला धरून राहावं. पण चवथीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत एकदा तरी पोरांना पाटोला आणावं.

जाणार असाल तर थोडं सांगते. पाण्याची बाटली आणि खाऊ आत काढू नका, मुलांना आधी बाहेर खायला घाला. तीन वर्षांखालचं मूल असेल तर तासाभरात निघा, कंटाळल्यावर थांबवू नका. आवडलेलं पुस्तक मुलाने तिसऱ्यांदा मागितलं तर तेवढंच विकत घ्या. आमच्या घरच्या फळीवर आता अशीच पुस्तकं आहेत. ग्रंथालयाची पुस्तकं घरात एकाच ठरलेल्या जागी ठेवा, नाहीतर परतीच्या तारखेला पलंगाखाली शोधावी लागतात. आणि पावसात नेताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच दप्तरात ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत भिजलेलं पुस्तक नीट वाळत नाही, बुरशी धरते, आणि पुढच्या मुलाला ते तसंच मिळतं.