सॉफ्टबॉल की बेसबॉल? बेसवर उभं राहून ठरवा

मुलगी चपळ आहे, शाळेत दोन्ही खेळ आहेत, मग नाव कशात द्यायचं? पालक असं विचारतात तेव्हा बोलणं बहुतेक वेळा बॉलच्या आकारावरच अडतं. माझ्या मते खरा फरक बेसवर, म्हणजे धावताना एकामागून एक गाठायच्या ठिकाणांवर, उभं राहिल्यावर कळतो.

बेसबॉलमध्ये रनर, म्हणजे बेसवरून धावणारा, पिचरच्या (बॅटरकडे बॉल टाकणाऱ्याच्या) डोळ्यांदेखत बेस सोडून काही पावलं पुढे सरकतो. याला लीड घेणं म्हणतात. पिचरने अचानक वळून बेसवर थ्रो केला तर झेप घेऊन परतावं लागतं. कबड्डीतल्या चढाईसारखंच हे: किती आत जायचं, कधी फिरायचं. फास्टपिच, म्हणजे बॉल वेगाने टाकायच्या प्रकारच्या, सॉफ्टबॉलमध्ये लीड नाहीच. पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत पाय बेसवर हवा. आधी निघालात तर अंपायर आऊट देतो, बॉल डेड होतो, म्हणजे खेळ थांबतो, आणि तो पिच (टाकलेला बॉल) धरलाच जात नाही; बॅटरने सुंदर फटका मारला असला तरी तो वाया. खो मिळायच्या आत उठलं की फाऊल, तसंच. खो-खो खेळलेल्या मुलींना हे समजावावं लागत नाही.

मग सॉफ्टबॉलमध्ये स्टील, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढचा बेस पळवणं, अशक्य का? मुळीच नाही. इथे बेसमधलं अंतर ६० फूट, बेसबॉलमध्ये ९०. पण कॅचरचा (बॅटरमागे बसून बॉल पकडणाऱ्या खेळाडूचा) दुसऱ्या बेसवरचा थ्रोही १२७ फुटांऐवजी जेमतेम ८५ फुटांचा. त्यामुळे पहिल्या तीन-चार पावलांतच निकाल लागतो.

नवख्यांचा घात करतो तो लुक-बॅक नियम. पिचरभोवती ८ फूट त्रिज्येचं वर्तुळ असतं. बॅटर पहिल्या बेसवर पोहोचली आणि बॉल वर्तुळात पिचरच्या हाती आला, की दोन बेसच्या मध्ये घुटमळता येत नाही. एकदा थांबायची मुभा आहे; मग लगेच पुढे किंवा मागे, आणि घेतलेली दिशा बदलायची नाही. चुकलं तर टॅग न होता, म्हणजे हातातला बॉल अंगाला न लावताच, आऊट. पिचरने थ्रो केला किंवा तशी हूल दिली, तरच रनर मोकळी. बेसबॉलमध्ये असं बंधन नाही. तिथे मध्येच थांबून चकवणं हे कौशल्य आहे.

फील्डरने झेल पकडल्यावर रनरने बेसला पाय लावून निघणं दोन्हीकडे सारखंच. सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या बेसला जोडून बाहेरच्या बाजूला बहुधा केशरी बेस असतो. धावणारीचा पाय केशरीवर, फील्डरचा पांढऱ्यावर, म्हणून टक्कर टळते. मला ही सोय फार मोलाची वाटते.

मुलगी इशाऱ्यावर सुटणारी, पटकन निर्णय घेणारी असेल तर मी सॉफ्टबॉल सुचवेन. समोरच्याला ताटकळत ठेवून फसवायला तिला आवडत असेल, तर बेसबॉल. पुढचा विचार करायचा तर ऑलिम्पिकमध्ये हे खेळ असतात तेव्हा महिलांसाठी सॉफ्टबॉलच असतो, २०२८ च्या लॉस एंजेलिसलाही. नाव देण्याआधी एका सरावाला तिला घेऊन जा. बेसवर पाय ठेवून, पिचरचा हात बघत, दहा वेळा सुटायला सांगा. मग लीड घेऊन दहा वेळा. कुठल्या फेरीनंतर ती ‘अजून एकदा’ म्हणते, ते ऐका.