६ इंची डॉब्सोनियन टेलिस्कोप: दीड वर्ष रांगेतल्या पोरांसोबत वापरून झाल्यावर

आधीच सांगते, ज्यांना आकाशाचे फोटो काढायचेत त्यांनी पुढे वाचू नका, तुम्हाला ताऱ्यांमागे आपोआप फिरणारा मोटरवालाच लागणार; डॉब्सोनियन म्हणजे खोक्यावर बसवलेला, हाताने ढकलायचा आरशाचा टेलिस्कोप. मी विज्ञान शिकवते, म्हणजे बोलावतील तिथे सामान घेऊन जाते आणि दाखवते. मला असा टेलिस्कोप हवा होता जो दहा मिनिटांत उभा राहील आणि एखाद्या पोराने नळी धरून लोंबकळायचा प्रयत्न केला तरी माझा जीव वरखाली होणार नाही.

थोडं माझं पुराण. एमएस्सी फिजिक्स केलं, मग तीन वर्षं लॅबमध्ये बहुतेक व्हॅक्यूम सिस्टीमची गळती शोधण्यात गेली, पेपर आला एक, त्यात माझं नाव चौथं. लॅबच्या ओपन डेला शाळेची मुलं यायची आणि त्या एका दिवसाची मी वर्षभर वाट बघायचे, हे माझं मलाच कळायला तीन वर्षं लागली बघा. सोडलं सगळं. घरचे अजून विचारतात परत कधी जॉइन होणार म्हणून. आकाश बघणं तेव्हा छंद होता, आता तेच काम झालंय, त्यामुळे छंद म्हणून दुसरं काहीतरी हवं तर सध्या आरसा घासायला घेतलाय, पण तो विषय वेगळा.

तर वस्तू. आरसा १५० मिमी, फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, त्यांनी ४८ पट आणि १२० पट मोठं दिसतं. डब्यावर याहून कितीतरी मोठा आकडा छापलाय, त्याकडे ढुंकूनही बघू नका, हवा स्थिर नसेल तर १५० च्या पुढे सगळं पाण्यात हलल्यासारखं दिसतं. ४८ वर अख्खा चंद्र मावतो. पौर्णिमेला मात्र दाखवू नका, सपाट थाळी दिसते नुसती, सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या रेघेवर विवरांच्या सावल्या पडतात तेव्हा मोठी माणसंसुद्धा "अगं आई" म्हणतात.

आता मुद्दा. याला मोटर नाही, हाताने ढकलायचा. १२० पटीवर शनी लावला की तो दीड-पावणेदोन मिनिटांत या टोकाकडून त्या टोकाला सरकून गायब होतो, आणि रांगेत चाळीस पोरं. पहिले काही कार्यक्रम मी वैतागून दर दुसऱ्या पोराला बाजूला करून परत लावत बसायचे. मग एकदा एक मुलगी म्हणाली, ताई शनी पळाला. म्हटलं तो नाही पळाला, आपण फिरतोय. ती डोळा लावून परत बघायला लागली आणि म्हणाली, म्हणजे आत्ता? आत्ता फिरतोय आपण? पृथ्वीचं परिवलन मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल, हा प्रश्न कधी आला नाही. आता पोरांनाच ढकलायला देते, मोटर फुकट दिली तरी नको.

हे डिझाइन ज्या जॉन डॉब्सनच्या नावाने ओळखलं जातं तो माणूसही असाच रस्त्यावरचा. बर्कलेहून केमिस्ट्री केली, १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत मठात संन्यासी झाला, आणि जहाजाच्या खिडक्यांच्या काचा घासून आरसे करायला लागला. लोकांना चंद्र दाखवायला मठाबाहेर फिरतो म्हणून १९६७ मध्ये मठातून काढलं, तर पुढच्याच वर्षी फुटपाथवर टेलिस्कोप लावणाऱ्यांची संघटना उभी केली. लाकडी खोकं, लॅमिनेटवर टेफ्लॉनचे तुकडे, बस. ढकलला की गुळगुळीत सरकतो, सोडला की तिथेच थांबतो. २०१४ मध्ये ९८ व्या वर्षी गेला तोवर हेच चालू होतं.

तक्रारी आहेतच. माझ्या पीसचं खोकं पार्टिकल बोर्डचं आहे, एका दमट रात्रीनंतर खालची कड फुगली, आता तिथे पट्टी चिकटवलीये. नेम धरायला वर बसवलेला लाल ठिपक्याचा फाइंडर अगदीच खेळण्यातला, दोनदा गाडीत निखळला. १० च्या आयपीसला डोळा इतका जवळ न्यावा लागतो की चष्मेवाले कंटाळतात. कोलिमेशन, म्हणजे आतले आरसे एका रेषेत जुळवणं, शिकावंच लागतं, पहिल्यांदा मला दीड तास लागला, आता पाच मिनिटं. सोबत सोलर फिल्टर येत नाही, त्यामुळे दिवसा झाकण काढायचंच नाही, त्यात सूर्य आला तर डोळा जाईल, गंमत नाहीये. आणि उंच माणसांची कंबर धरते, तिसरी-चौथीच्या पोरांना मात्र बरोब्बर मापाचा.

अजून एक, २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याला अगदी कडेने आली होती, दर पंधराएक वर्षांनी येतात, आणि त्यानंतरही कित्येक महिने सुईने ओढल्यासारखी रेघच दिसायची. एका पालकांनी मला टेलिस्कोप खराब आहे असं सुनावलं. डब्यावरचं चित्र दाखवून.

८ इंची घेऊ का असं बरेच जण विचारतात. दिसतं जास्त, पण एकट्याने जिने चढवायचा असेल तर ६ च घ्या, आणि उरलेल्या पैशात ३२ चा एक बरा आयपीस.