धार लावून देतो म्हणाला आणि चेनच संपवली

चेनसॉची, म्हणजे लाकूड कापायच्या मोटारच्या करवतीची, दातेरी चेन धार लावायला बाहेर देणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, असं मनापासून वाटतं. माझी बरंच आयुष्य शिल्लक असलेली चेन एका दुकानदाराने धार लावण्याच्या नावाखाली घासून संपवली. मग संपली म्हणून नवीन विकली. वर धडधाकट बार, म्हणजे चेन ज्याभोवती फिरते ती लांब पट्टी, 'गेलाय' असं सांगून तोही बदलायला लावला. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण जास्त संताप याचा आहे की मधल्या काळात ते यंत्र माझ्या हातात उसळत होतं.

चेन फक्त बोथट झाली होती. ढलप्या पडायच्या थांबून पिठासारखा बारीक भुसा पडू लागला होता. दुकानदार म्हणाला, "मशीनवर लावतो साहेब, कंपनीसारखी धार येईल." चेन आतल्या खोलीत गेली, ग्राइंडरचा कर्कश आवाज आला आणि थोड्याच वेळात ती चकचकीत होऊन बाहेर आली. पिच, म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप, कोणता, आधी धारेचा कोन किती होता, यातलं त्याने काहीही विचारलं नाही.

ओंडक्यावर ठेवली तर काप सरळ खाली उतरेना, एका अंगाला वळत जायचा. भुसा पूर्वीइतकाच बारीक. धारदार चेन यंत्राच्या वजनावरच लाकडात उतरते, इथे मात्र अंगाचा जोर लावल्याशिवाय काही हलत नव्हतं. परत नेली तेव्हा त्याने दातांपुढचे डेप्थ गेज, म्हणजे दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवणारे उंचवटे, हातातल्या ग्राइंडरने, कसलंही माप न लावता, डोळ्यांच्या अंदाजाने उतरवले. त्यानंतर यंत्र लाकडाला हिसके मारू लागलं. पुन्हा गेलो, तर चेन यंत्रावरून न काढताच निदान झालं: "बार गेलाय साहेब, आणि दातही संपलेत. जुन्या बारवर नवीन चेन टाकलीत तर तीही फुकट जाईल." दोन्ही घ्यावे लागले. जुना बार तो भंगारात टाकायला मागत होता, मी तो आणि जुनी चेन दोन्ही घरी आणले.

लाकूडतोडीवरच ज्यांचं पोट आहे अशा ओळखीच्या एका काकांनी ती जुनी चेन उजेडात धरली आणि एकेक दात दाखवत गेले. आधी लांबी. व्हर्निअर लावल्यावर डावीकडचे दात उजवीकडच्यांपेक्षा चांगलेच आखूड निघाले. ज्या बाजूचे दात लांब आणि तिखट, त्या बाजूला काप ओढला जातो. माझा काप का वळत होता ते तिथेच कळलं. मग रंग. बऱ्याच दातांच्या कडेला निळसर झाक होती. ग्राइंडरचा दगड दातावर दाबून धरला की पोलाद तापतं आणि त्याचं पाणी उतरतं. अशी कड चकाकते खरी, पण टिकत नाही. कधी उलटही होतं, तापून झटकन थंड झालेला थर इतका कडक बनतो की कानस नुसती घसरते. जाणता कारागीर दगड दाताला हलकेच टेकवतो आणि लगेच उचलतो, म्हणूनच त्याला वेळ लागतो.

कोन पाहायला तर मोजमापही लागत नाही. बहुतेक चेनच्या दातावर, वरच्या पत्र्याच्या मागच्या भागात, एक तिरकी बारीक रेघ कोरलेली असते. धारेची कड त्या रेघेला समांतर हवी. लाकूड आडवं कापायच्या नेहमीच्या चेनला हा कोन साधारण ३० अंश, काहींना २५, आणि ओंडका उभा चिरून फळ्या काढायच्या चेनला १० च्या आसपास असतो. दात घासत त्या रेघेपर्यंत आला की त्याचं आयुष्य संपलं. माझ्या चेनच्या एका बाजूची कड रेघेशी जुळत होती, दुसरीकडची जवळजवळ आडवी कापलेली होती. म्हणजे मशीनचा कोन एका बाजूला लावला आणि दुसऱ्या बाजूला तो नीट लावायची तसदीही घेतली नाही.

डेप्थ गेजबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जिवाशी खेळ तिथेच झाला. दाताचा वरचा पत्रा मागे उतरता असतो. दात घासून आखूड झाला की त्याची उंचीही कमी होते, म्हणून पुढचा गेजही त्या प्रमाणात खाली घ्यावा लागतो. दोन्हींच्या उंचीतला फरक बऱ्याच चेनमध्ये ०.६५ मिलीमीटर असतो. फरक कमी असेल तर दात लाकडाला पोचतच नाही, पहिल्या खेपेला माझं तेच झालं होतं. फरक वाढला तर प्रत्येक दात झेपणार नाही इतकं लाकूड ओढतो, यंत्र हिसके देतं, आणि बारच्या टोकाचा वरचा भाग कुठे टेकला तर सगळं यंत्र तोंडाच्या दिशेने उसळतं. किकबॅक म्हणतात तो हाच. गेज मापाची पट्टी आणि सपाट कानस घेऊनच उतरवायचे असतात. डोळ्यांच्या अंदाजाने ते उतरवणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाचा विचार करत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

राहिला बार. काकांनी त्यावर चेन बसवून एक सरळ पट्टी बारच्या अंगाला आणि दाताला टेकवून धरली. पट्टी आणि बारमध्ये फट दिसली, म्हणजे चेन ज्यात बसते ती बारची खाच शाबूत. खाच रुंदावली असती तर चेन कलली असती आणि फट राहिली नसती. बार नुसता उलटा करून वापरायचा होता, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

हे सगळं घेऊन दुकानात गेलो. चेनबद्दल "मशीनचं काम असंच असतं" हे उत्तर मिळालं. पट्टी लावून बार दाखवला तेव्हा तो काहीच न बोलता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पैसे परत मिळाले नाहीत.

चेन देण्याआधी दातांचे जवळून फोटो काढा, एका डाव्या आणि एका उजव्या दाताची लांबी लिहून ठेवा. कोन किती ठेवणार आणि गेज कशाने मोजणार, हे दोनच प्रश्न विचारा. उत्तर टाळलं तर चेन उचला. घरी करायचं असेल तर कानस पिचप्रमाणे घ्या: ०.३२५ इंचाला ४.८ मिलीमीटर, ३/८ इंच लो प्रोफाइलला ४. कानस आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची, आणि तिच्या जाडीचा सुमारे पाचवा भाग दाताच्या वर राहू द्यायचा. सगळ्यात आखूड दात शोधून बाकीचे त्याच्या लांबीला आणायचे.

तुमची चेन अशीच निळी होऊन आली असेल आणि दात रेघेपासून अजून लांब असतील, तर ती टाकू नका. निळेपणा जाऊन स्वच्छ धातू लागेपर्यंत कानशीने घासा, मग गेज मापा. नवीन चेन घ्या असं कोणी सांगितलं, तर आधी ती रेघ दाखवायला सांगा.