हॉस्टेलच्या खोलीसाठी गांधीबाग: पडदे, सतरंजी आणि पिंजून घेतलेली गादी

खोलीत येणारी प्रत्येक मुलगी हल्ली आधी पडद्याला हात लावते आणि मग विचारते, कुठून घेतला गं? तेच ते सांगून झालं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. पडदा नागपूरच्या गांधीबागेतला, म्हणजे इथल्या कापडबाजारातला. सतरंजीही तिथलीच.

मी वणीची. बी. फार्म.चं दुसरं वर्ष, रविनगरजवळच्या एका मुलींच्या हॉस्टेलात राहते. रूममेट गोंदियाची. खोली दहा बाय बाराची, दोन लोखंडी पलंग, दोन राखाडी कपाटं, पिस्ता रंगाचा डिस्टेंपर आणि पश्चिमेला चार फुटांची खिडकी. कुलर गॅलरीकडच्या खिडकीत. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हा वॉर्डन मॅडमचा पहिला नियम.

गेल्या वर्षी आम्ही दोघींनी मोबाइलवर खोल्यांचे शेकडो फोटो पाहिले. बोहो, मिनिमल, विंटेज असे शब्द पाठ झाले. शेवटी बोहो ठरलं आणि एका ऑनलाइन दुकानातून अख्खा सेट मागवला: भिंतीवर टांगायचं मोठं मंडल-छाप कापड, प्लास्टिकच्या वेली, लुकलुकत्या लाइटच्या माळा, मखमली पलंगपोस आणि मागे गोंद असलेला वॉलपेपर. दोघींनी मिळून २,३०० रुपये घातले. दिवाळीपर्यंत खोली खरंच छान दिसत होती, हे मी मान्य करते.

एप्रिलमध्ये कुलर सुरू झाला आणि सगळं सुटायला लागलं. आधी वॉलपेपरच्या कडा वळल्या. मग एका रात्री अख्खी पट्टी खाली आली आणि सोबत भिंतीचा रंग घेऊन आली. डिस्टेंपरवर बोट फिरवलं तरी पूड हाताला लागते. गोंद त्या पुडीलाच चिकटलेला असतो, भिंतीला नाही. त्यावर कुलरची ओल. वर्षअखेरीला डिपॉझिटमधून हजार रुपये कापले गेले. चिकटवायच्या हुकांचंही तेच झालं. ते कपाटाच्या पत्र्यावर मात्र घट्ट बसतात, तिथे खुशाल लावा. मखमली पलंगपोस मे महिन्यात अंगाखाली नकोसा झाला. तो पॉलिस्टरचा होता, घाम शोषतच नव्हता. हे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदलेलं शहर आहे. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारला ऊन आत येतं तेव्हा पुस्तकाचं पान डोळ्यांना बोचतं. आमची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत होती.

म्हणून या वर्षी मी उलटीकडून सुरुवात केली. कोणती स्टाइल आवडते हा प्रश्न बाजूला ठेवला आणि एका रविवारी खोलीत बसून फक्त पाहिलं. ऊन कुठून येतं, किती वाजता येतं, भिंत कोणत्या रंगाची, काय लावायची मनाई आहे. तेव्हा लक्षात आलं की आम्ही पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या फोटोंमधली भिंत पांढरी होती. पिस्त्यावर तो बदामी-तपकिरी बोहो रंग मळकट दिसत होता आणि आम्ही वर्षभर कापडाला दोष देत होतो. घरून आईची मोहरी रंगाची जुनी ओढणी आणली होती, ती सहज खिडकीवर टाकून पाहिली. भिंत एकदम ताजी दिसायला लागली. मोहरी, पांढरा आणि थोडा गेरूचा लाल एवढंच ठरवलं. रूममेटला जांभळा फार आवडतो. तिच्या पलंगाची चादर आणि तिच्या कपाटाचं दार हे तिचं, तिथे मी बोलणार नाही, असंही ठरलं.

आता गांधीबाग. एलएडी चौकातून मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनने सरळ अग्रसेन चौक, मध्ये गाडी बदलायची नाही. सीताबर्डीच्या पुढचा हा मार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तो आमच्यासारख्यांना फार सोयीचा आहे, कारण परत येताना हातात गाठोडं असतं. गाडी घेऊन जाणार असाल तर पार्किंगचा त्रास गृहीत धरा.

तिथली बरीच दुकानं ठोकची. काही ठिकाणी पूर्ण तागाच घ्यावा लागतो, चार मीटरसाठी ते कात्री उचलत नाहीत. दोन दुकानांतून तसेच परतलो. तिसऱ्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसलेले एक म्हातारे काकाजी होते. मी पडद्याचं कापड म्हटलं, तर त्यांनी रंग विचारलाच नाही. म्हणाले, "बेटा, खिडकी किस तरफ की है?" पश्चिमेची म्हटल्यावर त्यांनी समोरचे चकचकीत तागे बाजूला सारले आणि मागून दोसूती काढायला लावली.

दोसूती म्हणजे दुहेरी सुताची जाड, साधी विण. हातात घेतली की वजन कळतं. मला गेल्या वर्षीची धास्ती होती, म्हणून मी विचारलं, यात पॉलिस्टर नाही ना? काकाजींनी काही न बोलता कडेचा एक धागा ओढला, काडी पेटवली आणि धागा तिच्यावर धरला. तो सरळ जळाला, कागद जळाल्यासारखा वास आला, आणि बोटांनी चोळल्यावर राखेची भुकटी झाली. मग शेजारच्या चकचकीत ताग्याचा धागा तसाच धरला. तो आक्रसत गेला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. तो मणी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. गेलं अख्खं वर्ष मी त्या कापडावर झोपत होते. प्रयोगशाळेत आम्ही इतक्या चाचण्या करतो, पण आपल्या अंथरुणाची अशी चाचणी करता येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मोहरी रंगाची दोसूती १४० रुपये मीटर, पन्हा म्हणजे रुंदी ४८ इंच. खिडकी चार फुटी, म्हणजे दोन पन्हे घेतले की छान चुण्या पडतात. चार मीटर घेतली. आतून अस्तराला पांढरा मांजरपाट चार मीटर, ६० रुपये मीटरचा. हे अस्तर काकाजींनीच सुचवलं: उन्हाकडे पांढरी बाजू असली की ऊन परततं आणि मोहरी रंगही विटत नाही. दोन्ही कापडं शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात घालायची, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवून मग आटलं तर पडदा खिडकीच्या वर लटकतो. हे वाक्य वाचून कुणाचे दोन पडदे वाचले तरी मला आनंद होईल. शिलाई दोनशे. खिळा चालत नाही, म्हणून खिडकीच्या चौकटीत दाबून बसणारा स्प्रिंगचा दांडा लावला.

सतरंजी तीन बाय सहाची, गेरू रंगाच्या पट्ट्यांची, ४५०. दोन पलंगांच्या मधे बरोबर बसते. संध्याकाळी आम्ही चौघी-पाच जणी तिच्यावरच अभ्यासाला बसतो, त्यामुळे खोलीतली सगळ्यात उपयोगाची वस्तू हीच निघाली.

गादी मात्र विकत घेतली नाही. घरची जुनी कापसाची गादी दगडासारखी झाली होती, मी ती टाकून फोमची घेणार होते. हॉस्टेलच्या मागच्या गल्लीतल्या गादीवाल्या काकांनी शिवण उसवून आतला कापूस चिमटीत घेतला, उजेडात धरला. "कापूस चांगला हाये पोरी. फेकतं काहून? पिंजून देतो न." आठ किलो कापूस निघाला. पिंजून, नवीन खोळ घालून ७०० रुपये झाले. संध्याकाळी परत आली तेव्हा दीड पट जाड दिसत होती. वणीच्या घरात मी लहानपणापासून जिच्यावर झोपले तीच ही गादी, आणि पहिल्या रात्री मला खूप दिवसांनी गाढ झोप लागली. मे महिन्यात फोमपेक्षा कापूस कितीतरी बरा, हे दोन्हींवर झोपून सांगते.

दिव्याचं थोडक्यात. माळा काढून टाकल्या. वरची पांढरी ट्यूब तशीच ठेवली आणि टेबलावर ९ वॅटचा ३००० केल्विनचा एलईडी लावला, ११० रुपये. खोक्यावर केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा, आकडा असतो, तो वाचूनच घ्या; ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे ट्यूबसारखा पांढरा.

पडद्याचा दांडा सोडून सगळे मिळून २,२६० रुपये झाले. म्हणजे गेल्या वर्षीच्या सेटएवढेच.

एक वस्तू हिशोबाबाहेरची. गांधीबागेतून चालत चितार ओळीत गेलो होतो. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा पोळा, होऊन आठवडा झाला असेल, दुकानांत थोडे लाकडी नंदी उरले होते. वीतभर उंचीचा, बिनरंगाचा, चाकांचा एक नंदी घेतला, ३५०ला. शिंगांच्या मधे रंध्याचा एक ओरखडा राहिलाय, हात फिरवला की लागतो. टेबलावर पुस्तकांना टेकू म्हणून ठेवलाय. गोंदियात आणि वणीत दोघींनीही लहानपणी तो ओढत घरोघर नेलाय, त्यामुळे या खोलीत तोच एक असा आहे ज्यावर आमचा कधी वाद झाला नाही.

पाहायला येणाऱ्या मैत्रिणी विचारतात, ही कोणती स्टाइल? मला नाव सांगता येत नाही. पण दुपारी चारला पडदा ओढला की खोलीत हळदीसारखा उजेड पसरतो आणि वाचता येतं.

उणीवही सांगते. कापलेलं कापड परत घेत नाहीत, त्यामुळे खिडकीचं माप दोनदा घेऊन जा. आम्ही टेप सोबत नेला होता तरी उंची विसरलो आणि हॉस्टेलवर फोन करून मोजायला लावली. दुपारी फार गर्दी असते, सकाळी अकरा-साडेअकराला पोहोचलात तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो, आणि या बाजारात खरी किंमत त्या बोलण्याचीच आहे. पडदा आठ इंच खालून आखूड असता तर झाडताना बरं पडलं असतं, ती चूक माझी. आणि मोहरी रंग पहिल्या दोन धुण्यांत थोडा सुटतो. बादलीत तो एकटाच भिजवा. माझा एक पांढरा अ‍ॅप्रन अजून पिवळसर आहे.