पहाटे साडेचारची यिडिश

परभणीत बसून यिडिशचा, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांच्या भाषेचा, न्यूयॉर्कहून चालणारा मधल्या पातळीचा ऑनलाइन वर्ग केला. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडं पहाटेचे साडेचार. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागं गेली अन् आमचे साडेपाच झाले, तेवढीच झोप मिळाली.

लिपी हिब्रू, उजवीकडून डावीकडं. आमचे आजोबा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, त्यांच्यामुळं ती सवय लहानपणापासूनच होती. खरी अडचण हिब्रूतून आलेल्या शब्दांची. एरवी यिडिशमध्ये स्वर लिहितात, पण 'एमेस' म्हणजे सत्य, हे स्वर गाळून आलेफ, मेम, सोफ एवढ्या तीन अक्षरांतच लिहायचं. बाईंनी असे शब्द दर तासाला घोटून घेतले.

भूतकाळ शिकवला तो तास विसरणार नाही. 'इख बिन गेगांगेन', मी गेलो. पण 'इख होब गेगेसन', मी खाल्लं. जाण्याला एक सहायक क्रियापद, खाण्याला दुसरं. आपणही 'तो गेला' पण 'त्यानं खाल्लं' म्हणतोच की! तिथं डोक्यात लख्ख उजेड पडला.

तक्रार एकच. लाईट गेली की तास बुडतो, अन् रेकॉर्डिंग आठवड्यात काढून टाकतात. ते महिनाभर तरी ठेवायला पाहिजे. उर्दू वाचता येणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा, फक्त पहिली पातळी पक्की करून या.